बरी झाली म्हणजे काय, धुरपे?

धुरपे, तुले आंघोळ म्या एकटीनंच घातली.

बाया आल्या होत्या साऱ्या. आंगन भरलं होतं. त्यायनं चूल पेटवून पाणी तापवलं, पांढरं लुगडं आणलं, एकीनं मले धरलं, एकीनं तुह्या पायापाशी बसून रडून घेतलं. पण तुह्या आंगावर पांघरलेली वाकय काढली अन् तुहे हात बाहेर आले, तशी एकेक जण मांगं सरकली. एक म्हणे लेकरू रडून राह्यलं, एक म्हणे ढोरायले पाणी दाखवाचं आहे. म्या कोणाले अडवलं नाही. दार लोटून घेतलं अन् बसली तुह्यापाशी.

मेल्यावर माणूस सैल पडते म्हणतात. तुही बोटं नाही पडली. म्या एकेक बोट सरळ करून पाह्यलं, ते पुन्हा वाकडं होये. मंग सोडून देलं. म्हणलं राहू दे, जसे होते तसेच जाऊ दे हिच्यासोबत.

अन् याच बाया तुह्या तापात तुह्या उशाशी येऊन बसत होत्या, नाही का? तुह्या कपायाले हात लावून "लय चटका आहे वं" म्हणत होत्या. काहून, तं डॉक्टरनं निमोनिया सांगतला होता. निमोनिया कोणालेही होते. पाटलाच्या बुढ्याले झाला होता, मास्तरच्या पोरीले झाला होता. तुहे हात वाकईत होते तोवर तू त्यायच्यातलीच एक होती. तुले ते समजलं होतं. दम लागत होता तरी तू माह्या कानापाशी बोल्ली, "बाई, हा रोग चांगला आहे. हा आला का माणसं येतात."

म्या तुले दटावलं. दटावाले नोको होतं. खरं तेच बोलून राह्यली होती तू.

आतां माणसं नाहीत. आले तसे गेले. घरात मी, अन् मांगच्या आंगनात तुही सपरी, तुराट्याची झोपडी. सकाळी उठली का माह्या तोंडातून अजून निघते, "धुरपे, उठली का वं?" तिकडून आवाज येत नाही, तं मीच म्हणतो, "झोपू दे, थंडी आहे." असं सोताशी बोलाले लागली मी. शेजारची आयकते अन् आपल्या नवऱ्याले सांगते का बुढी चळली. चळली नाही. सवय आहे. एवढी वर्षं आपण दोघी जावा एका घरात होतो, मी मोठी अन् तू धाकटी. माहा धनी लवकर गेला, तुहा जिता असून गेला. मंग माणसानं बोलाव तं कोणासंग?

आज बोलून घेतो. मनात साचलं आहे.

तुह्या हातापासूनच सांगतो, कारण सारं तिथूनच सुरू झालं. आपली सासू जिती होती तवाची गोष्ट. शेजारीण इस्तो मांगाले आली का बुढी मले नाही उठवे, तुले उठवे. तू चुलीतला लाल इस्तो हातानं उचलून तिच्या गोवरीवर ठेवून दे. बुढी साऱ्या वस्तीत सांगे, "माह्या धाकटीचा हात पाहा. इस्तो उचलते इस्तो! अन् ही मोठी पाहा, भाकर उलटवाले हिले फडकं लागते. जशी साहेबाची बायको." मले तुहा राग ये. पऱ्हाटीत कापूस येचाले गेलो का साऱ्यायच्या बोटायले बोंडाचे काटे लागत, साऱ्या हाय-हाय करत, अन् तू फराफरा येचत पुढं निघून जाय. तुह्या बोटातून रगत येऊन कापूस लाल होये तवा तुले दिसे. बाया म्हणत, "हिले काटाबी भेते." तू हसे. तुले वाटे आपण मजबूत आहो. आमालेबी तेच वाटे. गरिबाच्या घरी न दुखणारा हात म्हणजे दौलतच वाटते ना.

दंडावर एक फिक्कट चट्टा होता तुह्या. बुढी म्हणे सिबं आहे. बावचीचं बी वाटून लावलं, गोमूत्र लावलं, चट्टा गेला नाही. दुखे नाही, खाजवे नाही, म्हणून विसरून गेलो.

मंग बुढी मेली. मंग ते वर्ष आलं, जवा आपल्या वस्तीतले लोक नागपूरले जाऊन दीक्षा घेऊन आले, अन् आपणबी देव्हारा रिकामा केला, देव टोपल्यात भरले अन् अरुणावतीत सोडून आलो. तू टोपलं डोक्यावर घेऊन पुढं चालत होती. म्हणत होती, "इतले दिवस यायनं आपल्याले वाहून नेलं नाही, आज आपण यायले नेऊ." पाण्यात उतरून हसत होती.

त्याच हिवाळ्यातली दुपार आहे. तू भाकरी करत होती अन् मी दारात बसून डाळ निवडत होती. तू मले पाटलाच्या घरच्या लग्नाची गंमत सांगत होती. नवरदेवाचा फेटा बैलानं खाल्ला म्हणे, असं काहीतरी. मले वास आला. भाकर जयल्याचा वास मले माहीत आहे, तो नव्हता. म्या मान वर करून पाह्यलं तं तुहा डावा हात तव्यावर टेकला होता. पुरा तळवा. चामडी जयत होती अन् तू हसत हसत मले बैलाची गोष्ट सांगत होती.

तो वास अजून माह्या नाकात आहे, धुरपे. मी वराडली अन् तू म्हणली, "काय झालं वं, बाई?"

जखम बरी नाही झाली. हळद लावली, तूप लावलं, पू व्हाले लागला. मंग कोणी सांगतलं का आर्णीच्या बाजाराच्या दिवशी यवतमाळहून डॉक्टर येते, जीपमधून, अन् चिंचेच्या झाडाखाली बाक मांडून चट्टे तपासते. आपण दोघी पायी गेलो. तू म्हणत होती, "भाजल्यावर मलम देईन, बस. एवढ्यासाठी बाजार कायले बुडवाचा?"

डॉक्टरनं जखम नंतर पाह्यली, पहिले तुहा चट्टा पाह्यला. तुले बाकावर बसवलं. हातात कबुतराचं पीस घेतलं अन् म्हणे, "बाई, डोळे मिटा. मी पीस लावतो. जिथं लागेल तिथं बोट ठेवा."

तूनं डोये मिटले. त्यानं चट्ट्यावर पीस फिरवलं. तू गप. मनगटावर फिरवलं. तू गप. मी समोर उभी होती, माह्या तोंडात येऊन राह्यलं होतं, 'अवं मनगटावर, मनगटावर.' मंग तुले वाटलं लय येळ झाला, काहीतरी सांगा लागते. तूनं खांद्यावर बोट ठेवलं अन् म्हणली, "इथं."

"तिथं मी शिवलोच नाही."

"मंग आतां शिवा ना," तू म्हणली. कंपाउंडर हसला. डॉक्टर हसला नाही.

त्यानं दोन काचेच्या नळ्या घेतल्या. एकीत गरम पाणी, एकीत थंड. एक तुह्या हाताले लावली. "गरम की थंड?"

"गरम."

"आता?"

"गरम."

"आता?"

तूनं डोये उघडले. "डॉक्टरसाहेब, तुमी सांगा ना कोणतं आहे ते. मी तेच म्हणतो."

मंग त्यानं तेच पीस माह्या दंडाले लावलं, तुले दाखवाले. मले गुदगुल्या झाल्या अन् मी हसली. हसता हसता मले रडू आलं. तवा मले समजलं का तुह्या हातातून काय निघून गेलं होतं. इतली वर्षं तुह्या बाजूले बसून जेवली मी, तरी समजलं नव्हतं.

त्यानं तुह्या कोपराच्या मांगची नस चिमटीत धरली. म्हणे, "ही जाड झाली आहे. सुतळीसारखी. हात लावून बघा." म्या हात लावला. खरंच सुतळी. माही नस पाह्यली तं दोऱ्यावानी बारीक. मंग तुह्या कानाच्या पाळीले पात्यानं जरासं चिरलं अन् आतलं पाणी काचेच्या तुकड्यावर घेतलं. तू म्हणली, "हात जयला अन् कान काहून कापता?" तो म्हणे, "जंतू आहेत का ते यवतमाळला पाहू. जंतू डोळ्याला दिसत नाहीत, त्याला यंत्र लागतं."

पुढच्या बाजाराले गेलो. तो म्हणे, "काचेवर जंतू दिसले नाहीत. तुमचा कुष्ठरोग असांसर्गिक आहे."

दुसरी बाई असती तं 'बरं' म्हणून उठली असती. तू नाही उठली. तुह्या मांगं लाईन लागली होती, कंपाउंडर म्हणे चला चला, तरी तू बाक धरून बसली. "माह्या आंगात आलेल्या रोगाचं नाव मलेच नाही समजलं तं कसं? कुष्ठरोग म्हणजे?"

"महारोग म्हणतात तोच. तुमच्याकडं रगतपिती म्हणतात."

रगतपिती आयकल्यावर तू उभी झाली. मी दोन पावलं मांगं सरली. सरली म्हणजे पाय आपोआप गेले. तू पाह्यलं. मंग मी पुढं आली. तेबी तू पाह्यलं.

डॉक्टर म्हणे, "बसा. शब्दाला भिऊ नका."

"शब्दाले नाही भेत, साहेब. लोकायले भेतो."

मंग तो नीट बोलला. तवापासून माह्या मनात त्या माणसाची इज्जत आहे. म्हणे असांसर्गिक म्हणजे दुसऱ्याला लागत नाही. सोबत जेवा, सोबत झोपा, लागत नाही. तू इचारलं, "काचेवर जंतू नाही, तं मंग रोग कसा म्हणता?" तो म्हणे, "थोडेसे असतात, नसेत दडून बसतात, काचेवर येत नाहीत. तपासणीत दिसलं नाही म्हणजे नाहीच, असं नसतं." अन् बधिर म्हणजे काय, तं म्हणे, "दुखणं म्हणजे अंगाचा राखणदार. तो तुमच्या हातातून उठून गेला. आता राखण डोळ्यांनी करायची. भांडं धरायच्या आधी पाहायचं, फडकं घ्यायचं."

तू माह्याकडं पाह्यलं अन् म्हणली, "म्हणजे बुढी मले राखणदार उठून गेल्याची शाबासकी देत होती."

गावाकडं येताना तू चालता चालता पाठ करत होती, "असांसर्गिक, असांसर्गिक." म्या म्हणलं, "कायले पाठ करून राह्यली?" तू म्हणली, "दारात कोणी अडवलं तं सांगा लागन ना."

दारात अडवणारा घरचाच निघाला. तुहा धनी, माहा दीर. तूनं त्याच्यापुढं तो शब्द म्हणला, पुरा, न अडखळता. त्यानं दुसराच आयकला, रगतपिती. पोटभर शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं. पुसदकडं जिनिंगमध्ये काम आहे म्हणून गेला अन् तिकडंच दुसरीसंग राह्यला. तू कधी त्याचं नाव काढलं नाही. म्या काढलं तं म्हणे, "त्यालेबी कोणतरी नीट सांगाले पाह्यजे होतं. मी बायको होती, माहं कोण आयकते."

ज्या वावरात कापूस येचाले जात होतो, तिथल्या मालकिणीनं कापसाले हात लावाची मनाई केली. वरून म्हणे, "मागल्या जल्मी काय केलं असन धुरपे, ते फिटून राह्यलं." तूनं काय जवाब देला ते वस्तीत अजून सांगतात. म्हणली, "मालकीण, देव तं आमी अरुणावतीत सोडले. त्यायच्यासंगं मागला जल्मबी सोडला. आतां आमच्याजवय हा एकच आहे. हा बिघडला तं दवाखान्यातच न्या लागते."

पण दुसऱ्या दिवशी तूनंच मांगच्या आंगनात तुराट्याची सपरी उभी केली. तुही चूल येगळी, तुहा माठ येगळा, तुही जर्मनची थाळी येगळी. म्या हात धरला. म्या म्हणलं, "डॉक्टरनं सांगतलं ना लागत नाही म्हणून? आपण दोघीयनं आयकलं."

"आपण आयकलं, बाई. गावानं नाही आयकलं."

माही लेक शांता तवा महागावले देली होती, नवीन नवीन. तिच्या सासऱ्यानं निरोप धाडला का जोवर ती बाई त्या घरात आहे, तोवर सून माहेरी येणार नाही. तू म्हणली, "मले त्या आश्रमात नेऊन टाक. रोगी लोक राह्यतात तिथं." म्या म्हणलं, "म्या तुले डॉक्टरकडं टाकाले नाही नेलं." तवा तू सपरीतच राह्याले राजी झाली. तिकडून शांता आली नाही ते नाहीच. लेकरं झाली, नाव ठेवलं, चालाले लागली, मले दुसऱ्याच्या तोंडून समजे.

एका घरातून दोन धूर निघत. मी माह्या चुलीपाशी, तू तुह्या. मधात आंगन. तू तिकडून इचारे, "बाई, आज काय केलं?" मी म्हणो, "अंबाडीची भाजी." तू म्हणे, "म्याबी." दोघी अंबाडीचीच भाजी दोन चुलीवर शिजवो.

गोया चालू झाल्या. दर बाजाराले तू आर्णीले जाय अन् येताना गोयासंगं शब्द घेऊन ये. बाकावर बसून साऱ्यायचं आयकत राहे, नाही समजलं तं डॉक्टरले इचारे. मंग वस्तीतल्या बाया येत. आंगनात नाही. काट्याच्या कुपाटीच्या भाईर उभ्या राहून आवाज देत. "धुरपाबाई, पोराच्या लघवीची तपासणी कराले सांगतली, लघवीत काय दिसन वं?" "दवाखान्यात म्हणे रगत कमी आहे. मले तं कुठं लागलं नाही, सांडलं कुठं?" तू आतून सांगे, "सांडलं नाही, बनलंच नाही. पालेभाजी खाय, गूळ खाय. नवऱ्याले वाढून उरलं तं खाईन म्हणशीन, तं नाही बनत." एकीच्या धन्याचा छातीचा फोटू काढला होता. ती फोटू घेऊन आली, कुपाटीवरून धरून दाखवे, रडकुंडीले आली होती. "एवढ्या दूर नेलं अन् फोटूत तोंडच नाही आलं त्याचं!" तू इतली हसली का तुले ठसका लागला. मंग नीट समजावलं का तो फोटू आतला आहे, काळं दिसते ती हवा, पांढरं दिसते तिथं डॉक्टर काय म्हणते ते आयक. ती म्हणे, "म्हणजे भिंतीवर नाही लावाचा?"

शब्द तुह्या तोंडचे घेऊन जात. तुह्या माठातलं पाणी कोणी पेलं नाही.

पण माह्या जिवाले खरी लागली ती खीर. बुद्धपौर्णिमा होती. झेंड्याखाली साऱ्या वस्तीचं जेवण, सारे एका रांगेत. तू शेवटाले बसली, मधात जागा सोडून. वाढणारा जवान माणूस होता, आपल्यातलाच. त्याच्या बापाले म्या पाटलाच्या विहिरीवर ओंजळ धरून वाकलेला पाह्यला आहे, वरून पाणी टाकतील तवा पेत होता. आपण साऱ्याच तशा पेलो. तोच पोरगा तुह्यापाशी आला अन् त्यानं डाव कमरेएवढा उंच धरला अन् वरून खीर सोडली. अर्धी थाळीत, अर्धी मातीत. अन् तूनं, कोणी सांगतलं नाही तरी, थाळी खाली धरली होती. बरोबर तशीच, जशी ओंजळ धरत होतो.

म्या उठून त्याचा हात धरला. "खाली टेकव."

"काकू, लोक पाहून राह्यले."

"लोक पाहून राह्यले म्हणूनच टेकव."

तू म्हणली, "बाई, बस. वरून पडलेलं झेलाची मले सवय आहे. तुलेबी होती. तू लवकर विसरली."

मी बसली. म्या माही थाळी बाजूले सारली. तू मात्र थाळीतली सारी खीर खाल्ली. मातीत पडलेली कुत्र्याले देली. तुले राग येत होता का नाही, धुरपे? तुह्या हातासारखंच तुह्या मनातलंबी दुखणं उठून गेलं होतं का, असं मले इचाराचं होतं. इचारलं नाही. तू हसली असती अन् गोष्ट दुसरीकडं नेली असती.

लय बाजार गेले. मंग एक दिवस डॉक्टर म्हणे, "गोळ्या बंद. तुम्ही बऱ्या झाल्या."

मी तं हात जोडले. तू तुहे हात त्याच्यापुढं धरले. तोवर करंगळी अन् तिच्याजवळचं बोट पुरं मुडपलं होतं, बाकीचे त्यायच्या मांगं निघाले होते. "बरी झाली म्हणजे काय, साहेब? हे पाहा."

"रोग गेला. हे व्यंग आहे. रोग आणि व्यंग वेगळं. मेलेली नस परत येत नाही. पण तुम्ही आजारी नाही. तुमच्यापासून कोणाला काही होणार नाही. आधीही होत नव्हतं."

तूनं तुहे हात मांगं घेतले. मंग म्हणली, "रोग गेला ते तुमाले दिसते अन् मले समजते. लोकायले हात दिसते. तं मंग बरी कोणापुरती झाली मी?"

त्यानं पुढच्या रोग्याले बलावलं. जवाब माह्याजवय होता. त्या दिवशी म्या तुही सपरी मोडाले काढली. म्हणलं, "झालं आतां. एक चूल. एका ताटात जेवू, जसे बुढीच्या वक्ती जेवो." तूनं तुराटी धरून ठेवली. तवापासून आपलं भांडण चालू झालं अन् ते मिटलं नाही. मी म्हणो, "डॉक्टर म्हणते बरी झाली." तू म्हणे, "डॉक्टर बाजाराच्या दिवशी येते, गाव रोज राह्यते." मी म्हणो, "माहं मी पाहीन." तू म्हणे, "तुहं तू पाहशीन, शांताचं कोण पाहीन? माह्यासंगं जेवली का तुह्याबी दारात कोणी येणार नाही. मंग मेल्यावर उचलाले कोण?" मी म्हणो, "एकटीनं जेवून जेवून माह्या तोंडाची चव गेली." तू म्हणे, "मीठ घाल."

तुह्या मनात माही फिकीर होती, ते मले माहीत आहे. पण तू हे कधी इचारलं नाही का मले काय पाह्यजे. मले दारात लोक नोको होते, धुरपे. मले तू पाह्यजे होती, माह्या चुलीपाशी, बैलाच्या अन् फेट्याच्या गोष्टी सांगत. रोगी तू होती अन् एकटी मी पडली. तुले तं कुपाटीपाशी बोलाले बाया येत. माह्याकडं कोण ये?

एका गोष्टीत तू खरी ठरली. तू गेली अन् पाठोपाठ शांता आली. तिच्या सासऱ्यानंच धाडली, बैलगाडी देऊन. माहे नातू म्या पहिल्यांदा पाह्यले. मोठा तुह्या सपरीत खेळत होता, शांतानं त्याले दंडाले धरून भाईर ओढलं. तुह्या जाण्यानं माह्या लेकीची वाट मोकळी झाली. याचं म्या सुख मानाचं का दुख, तूच सांग. जाताना ती म्हणली, "माय, महागावले चाल, इथं एकटी काय करशीन?" म्या म्हणलं, पाहू.

आतां तुह्या त्या तापाचं सांगतो. पऱ्हाटीची येचणी संपत आली होती, थंडी कडाक्याची. सकाळी म्या आवाज देला अन् तू ओ देली नाही. सपरीत आली तं तू कुडकुडत होती, एका कुशीवर. म्हणली, "बाई, कुशीत दुखून राह्यलं. दम घेतला का सुई टोचते." अन् अशी म्हणली जशी कोणी भेटाले आलं. "खरंच दुखून राह्यलं वं. मले समजून राह्यलं." इतल्या वर्षांनी तुह्या आंगात राखणदार उठून बसला होता, पण घर जयल्यावर.

म्या तुले इचारलं नाही. उचलून माह्या घरात आणली अन् चुलीपाशी टाकली. तू हलकी झाली होती, पाचटावानी. आर्णीहून दुसरा डॉक्टर आणला. त्यानं नळी लावून छाती आयकली, निमोनिया म्हणला, पेनसिलीनची सुई देली. तू तेवढ्या दमातबी इचारलं, "म्हणजे काय?" तो म्हणे, "फुप्फुसाला सूज आली." तू म्हणली, "लागते का दुसऱ्याले?" तो म्हणे, "खोकल्यातून थोडाफार लागू शकतो." अन् तुले हसू आलं. जो रोग लागत नव्हता त्यानं तुले भाईर बसवलं, अन् जो लागते त्यानं साऱ्या बाया उशाशी आणल्या.

शेवटच्या दिवशी दुपारी ताप उतरला. मले वाटलं निभली. तू डोये उघडून म्हणली, "भूक लागली."

म्या ज्वारीच्या कण्या शिजवल्या, ताक घालून पातळ केल्या. घरात कोणी नव्हतं. तुही मान मांडीवर घेतली. एक घास तुह्या तोंडात देला. मंग त्याच वाटीतून, त्याच बोटायनं, एक घास म्या खाल्ला. तुह्याकडं पाहत पाहत. म्हणलं आतां ही तोंड फिरवीन, आतां म्हणीन, 'बाई, शांताचं पाहा.' तू माह्याकडं पाहत होती. उघड्या डोयानं, पुरी शुद्धीत.

मंग तूनं तोंड उघडलं. पुढचा घास घ्याले.

वाटी सरली तोवर एक तुले, एक मले, असंच चाललं. तू बोल्ली नाही. संध्याकाळी पुन्हा ताप चढला अन् मंग तू कधीच बोल्ली नाही.

तूनं माहं मानलं का भांडाची ताकदच नव्हती, हे मले समजलं नाही, धुरपे. मी रोज जेवाले बसली का हेच इचारतो. कण्या गियाच्या सोप्या असतात, पण 'नोको' म्हणाले तं त्याहून कमी ताकद लागते. मान हलवली असती तरी समजलं असतं मले. तूनं मान हलवली नाही.

एवढं धरून बसली आहो मी.